साडू मला 'तुम्ही' म्हणाला

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद टेबलावर पालथा ठेवला, तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी कुणी पालथी ठेवत नाही.

"कार्सिनोमा लॅरिंक्स," ते म्हणाले. "म्हणजे स्वरयंत्राचा कॅन्सर. गाठ बाहेरच्या कूर्चेपर्यंत, म्हणजे मऊ हाडापर्यंत, गेली आहे. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल."

माझ्या एका बाजूला बायको मंगल बसली होती, दुसऱ्या बाजूला साडू भगवान. मंगलनं विचारलं, "मंग बोलता येईल ना ह्यांना?"

"आत्ता बोलतात तसं नाही. श्वास मानेवर केलेल्या छिद्रातून घेतील. जीव वाचवायचा तर आवाज द्यावा लागेल."

खरं सांगतो, त्या क्षणी मला मरणाची भीती वाटली नाही. मी भगवानकडे पाहिलं आणि मनात आलं, याच्यामुळे. याच्या चेष्टेत माझे महिने गेले. याला सोडायचं नाही.

ज्यांच्या घरात असं दुखणं आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी रागाचं सांगतो, कारण माझं अर्धं दुखणं मी रागावर काढलं.

मी उत्तम, जाफराबादजवळच्या एका खेड्यातला. पंधरा वर्षं नौदलात होतो, जहाजाच्या इंजिन रूममध्ये मेकॅनिक. भगवान पायदळातला, हवालदार म्हणून निवृत्त झाला. आता जालन्याच्या एमआयडीसीत एका स्टील कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर कुंभार पिंपळगाव. तिथं सासऱ्यांच्या ओट्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा समोरासमोर आलो तेव्हा त्यानं पहिलंच वाक्य टाकलं, "जाफराबादचा माणूस अन् समुद्रात? बेडूक हायस का रे?"

मी म्हणालो, "अन् तू ढेकळ्या. जलमला मातीत, लढला मातीत, अंगाचा वास बी मातीचा."

तेव्हापासून मी बेडूक, तो ढेकळ्या. साडूला साडू 'तुम्ही' म्हणतो, असा रिवाज आहे. आम्ही तो पहिल्याच दिवशी मोडला.

फौजेत राहिलेल्यांना हे नवीन नाही. पायदळवाला नौदलवाल्याला विचारणार, जहाजावर गाद्या मऊ असतात का. नौदलवाला सांगणार, तुम्हाला पळायला रान मोकळं असतं, आम्हाला नसतं, म्हणून आम्हाला लढावंच लागतं. हवाई दलवाला भेटला की आम्ही दोघं एक व्हायचो आणि त्याला 'पतंग' म्हणायचो. या चेष्टेला नियम असतात. आईबाप, बायका आणि जे परत आले नाहीत ते जवान, यांच्यावर बोलायचं नाही. आणि दुसऱ्यानं टाकलेल्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही.

पोळ्याच्या सुमारास माझा आवाज बसला. ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्यालो, वाफ घेतली. दिवाळीला आम्ही सगळे पिंपळगावला जमलो तोवर आवाज पार घोगरा झाला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि भगवान सगळ्यांसमोर म्हणाला, "पाऊस संपून महिना झाला, अन् हा बेडूक अजून डरावडराव करून राह्यला." सगळे हसले. सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या. मीही हसलो.

संक्रांतीनंतर श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा मंगलनं मला जालन्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घशात सोडून पाहिलं. नंतर एवढंच विचारलं, "आवाज कधीपासून बसलाय? तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला तर दाखवायचं असतं. कुणी सांगितलं नाही?" मंग सीटी स्कॅन, मंग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. मंग तो पालथा कागद.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. टोटल लॅरिंजेक्टॉमी. सकाळी आत नेलं, शुद्ध आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. नाकात जेवणाची नळी, मानेला दोन्ही बाजूंनी रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, आणि गळ्याच्या खड्ड्यात रुपयाएवढं एक छिद्र. त्याला स्टोमा म्हणतात. श्वास तिथून. खोकला तिथून. नाक आता नुसतं चेहऱ्यावर शोभेला. वास येत नाही, फुंकर मारता येत नाही, गरम चहा फुरकता येत नाही. पहिले काही दिवस नर्स यंत्राच्या नळीनं छिद्रातला कफ ओढायची, तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं की कुणी आतून धरून ओढतंय.

माझ्या हातात एक पाटी दिली होती, प्लॅस्टिकची, पुसायची. जे बोलायचं ते तिच्यावर. पहिले तीन-चार दिवस दुखणं कमी करायच्या इंजेक्शनच्या गुंगीत गेले. त्यातलं मला फारसं आठवत नाही.

सहाव्या दिवशी राउंडला डॉक्टर आले तेव्हा भगवान शेजारी उभा होता. डॉक्टरांनी काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. छिद्रावर कायम ओलसर कापड, धुळीपासून जपायचं, आंघोळीला पाणी छातीच्या खाली. मग म्हणाले, "आणि पोहणं कायमचं बंद. नदी, विहीर, तलाव, काहीच नको. नाकातोंडात पाणी गेलं तर माणूस खोकतो. तुमच्या छिद्रातून गेलं तर थेट फुप्फुसात."

मी पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. पूर्णा नदीच्या डोहात पोहायला शिकलो होतो. मी भगवानकडे पाहिलं. मनात म्हटलं, टाक आता. बेडकाला पाणी बंद झालं, याच्याहून सोपा चेंडू तुला जन्मात मिळणार नाही. तू काहीतरी बोल, मी पाटीवर उत्तर देतो.

त्यानं माझी चादर नीट केली आणि म्हणाला, "तुम्ही बिलकुल चिंता करू नका. तुम्ही आराम करा."

तुम्ही.

मी पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ढेकळ्या. त्यानं वाचलं, हात जोडले आणि म्हणाला, "तुमचा हक्क हाय. म्हणा."

त्या दिवशी मला कळलं की मी याच्या हिशेबी मेलोय. माणूस मेल्यावरच त्याला असं हात जोडतात. आधीचा राग होता तो याच्या चेष्टेचा. आता याच्या अदबीचा राग आला, आणि तो जास्त मोठा निघाला.

बाराव्या दिवशी नाकातली नळी निघाली आणि तोंडानं पेज घेतली. जखम भरल्यावर रेडिएशन सुरू झालं, म्हणजे किरणांचा मारा. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. आमच्या गावाहून रोज संभाजीनगरला जाणं जमणारं नव्हतं, म्हणून मी आणि मंगल भगवानच्या घरी जालन्याला राहिलो. रोज तोच मला एसटीनं न्यायचा आणि आणायचा. त्यासाठी त्यानं सहा आठवडे ड्यूटी दुपारच्या पाळीत बदलून घेतली होती. खिडकीची जागा मला. धूळ येऊ नये म्हणून काच बंद करायचा, पाण्याची बाटली पुढं करायचा आणि विचारायचा, "तुम्हाला बराबर वाटतंय ना?"

लोक म्हणतील, किती चांगला माणूस. मी रोज त्या सीटवर बसून याचा सूड कसा घ्यायचा ते ठरवत होतो.

रेडिएशनला चेहऱ्यावर आणि मानेवर जाळीचा मुखवटा बसवतात. तो प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा असतो आणि टेबलाला खटके लावून पक्का करतात, हलता येत नाही. बाहेर सगळे निघून जातात आणि जाड दार बंद होतं. पहिल्या दिवशी मला तिथं गुदमरल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी एक युक्ती केली. दार बंद झालं की भगवानला द्यायचं एक उत्तर मनात जुळवायला घ्यायचं. ते नीट जमेपर्यंत यंत्र थांबलेलं असायचं. चौथ्या आठवड्यात मानेची कातडी भाजून काळी पडली, थुंकी चिकट झाली, गिळताना काचा गेल्यासारखं व्हायचं. तेव्हाही मी जेवायचो. मंगलला वाटायचं जगण्याची इच्छा आहे. मला भगवानला हरवायचं होतं, एवढंच.

उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी व्हॉइस प्रोस्थेसिस बसवलं. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत एक छोटी सिलिकॉनची झडप बसवतात. मानेचं छिद्र अंगठ्यानं दाबलं की श्वास त्या झडपेतून घशात चढतो आणि त्याचा आवाज होतो. सगळ्यांना जमतंच असं नाही, हे त्यांनी आधी सांगितलं होतं.

मला बोलायला शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. पहिल्या दिवशी फक्त फुसफुस आली. दुसऱ्या आठवड्यात 'आ' आला, डिझेल इंजिन थंडीत चालू होताना करतं तसा. मॅडम म्हणाल्या, "काका, एखादं वाक्य बोलून बघा, तुम्हाला खूप बोलावंसं वाटतं असं." मी भगवानला उद्देशून एक वाक्य बोललो. ते इथं लिहिता येणार नाही. मॅडम गालात हसल्या. "राग आला की तुमचा दाब छान बसतो. हेच धरून ठेवा."

मंगलला मी बजावून सांगितलं, भगवानला यातलं काही कळू द्यायचं नाही. आम्ही गावी परतलो होतो, त्यामुळे ते जमलं. तो फोन करायचा, मंगल म्हणायची, "हायेत बरे." मी बाजूला बसून सराव करायचो. दोन महिने मी एकच गोष्ट घोटली.

ती गोष्ट विशाखापट्टणमची. मी तिथं असताना भगवान सहकुटुंब आल्ता. नौदलात वर्षातून एखाद्या दिवशी घरच्यांना जहाजावर घेऊन समुद्रात फिरवून आणतात. भगवानही चढला, इस्त्रीचे कपडे, डोक्यावर पलटणीची टोपी. बंदर सुटलं आणि अर्ध्या तासात त्याचा रंग गेला. त्यानं ती टोपी काढली आणि तिच्यातच ओकला. मग डेकवर आडवा पडून माझा पाय धरला आणि म्हणाला, "उत्तम, मला हितंच उतरव. मी पायी येतो."

चारी बाजूंनी पाणी होतं. त्यानं मला मंगलची शपथ घातली, हे कुणाला सांगायचं नाही. वीस वर्षं मी नाही सांगितलं. चेष्टेत हरत असतानाही नाही.

आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांचा दरवर्षी एक मेळावा होतो, जाफराबादच्या एका मंगल कार्यालयात. माझ्याशी असलेलं साडूचं नातं सांगून भगवान जालन्याहून येतो आणि माइक त्याच्याकडेच असतो, कारण त्याच्याइतकं खुसखुशीत कुणी बोलत नाही. पायदळ, नौदल, हवाई दल, सगळ्यांची तो खेचतो आणि सगळे त्याचीच वाट पाहतात.

यंदा मी गळ्यावर रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसलो. हवाई दलवाल्यांना त्यानं धुतलं. स्वतःच्या पायदळालाही धुतलं. मग माझ्याकडे हात केला आणि त्याचा आवाज बदलला.

"यंदा नेव्हीवर आपुन काही बोलणार न्हाई. आमचे बंधू लय मोठ्या संकटातून आलेत. सगळ्यांनी उभं राहून त्यांना सलाम करावा."

दोनशे माणसं उभी राहिली. कुणी डोळे पुसले. जिवंत माणसाची शोकसभा कशी असते ते मी पाहिलं.

मी स्टेजवर गेलो. त्याच्या हातातला माइक घेतला, रुमालाखाली अंगठा दाबला आणि म्हणालो, "बसा. मला गोष्ट सांगायची हाय."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. भगवानचं तोंड उघडं राहिलं. माझा आवाज जाडाभरडा, मधेच तुटणारा, दर चार शब्दांनी श्वास घ्यायला थांबावं लागायचं. मी घाई केली नाही. टोपीपर्यंत आलो तेव्हा हवाई दलवाले खुर्च्या बडवायला लागले. "मला हितंच उतरव, मी पायी येतो" म्हणालो आणि अख्खं कार्यालय कोसळलं. एक म्हातारा सुभेदार हसता हसता खोकायला लागला, त्याला पाणी द्यावं लागलं.

मी वळून भगवानकडे पाहिलं. इतक्या महिन्यांचं सगळं व्याज वसूल झालं होतं. पण तो तिथं नव्हता.

कार्यालयामागं आचारी भात काढत होते. तिथं पाण्याच्या टाकीला टेकून भगवान उभा होता. डोळे लाल. मला पाहून म्हणाला, "शपथ मोडलीस. हलकटा, बायकोची शपथ मोडलीस."

मी अंगठा ठेवला. "तू मला 'तुम्ही' म्हणाला. त्याचा सूड."

त्यानं टाकीच्या तोटीनं तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाला, "तूच सांगितल्तं."

"काय?"

"ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तू पाटीवर लिहिलं. 'तुझ्या बेडकानं माझा आवाज खाल्ला. दिवाळीला तू हसला नसता तर मी डॉक्टरकडं गेलो असतो.' लिहिलं, मला दाखवलं अन् पुसून टाकलं. त्या दिवसापासून माझ्या तोंडातून तुझ्यासाठी काही निघंना. निघणार कसं?"

मला खरंच आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच होतं, हे मी ओळखलं. डॉक्टरांच्या टेबलासमोर मनात आलं होतं, तेच.

आता जे सांगतो ते तोवर मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी, त्या दिवाळीआधी, दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी माझ्या थुंकीत रक्त आल्तं. नंतर पुन्हा दोनदा. मी मोरीत पाणी टाकलं आणि गप्प बसलो. बावीस वर्षं ओढलेल्या सिगारेटी मला ठाऊक होत्या. दिवाळीत भगवाननं बेडूक म्हटलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. सगळे हसले की कुणी विचारणार नाही. त्याच्या चेष्टेमागं मी लपलो होतो. आणि नंतर त्या चेष्टेलाच आरोपी केलं, कारण दुसरा आरोपी मी होतो.

हे मी त्या टाकीपाशी त्याला सांगितलं. तुटत तुटत, चार-चार शब्दांनी. आचाऱ्यांनी भात उतरवून झाकलाही.

भगवाननं सगळं ऐकलं. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"म्हंजे तुला म्हाईत होतं."

"व्हय."

"अन् मी सात महिने झाले तंबाखू सोडून बसलो, तुझ्या नावानं. एसटीत तुझ्या शेजारी बसून मनातल्या मनात माफी मागत गेलो. अन् तू आत्ता सांगतो?"

मी मान हलवली.

"थांब तू," तो म्हणाला. "बेडका, आता तू थांब."

मला हसू आलं. माझ्या हसण्याला आता आवाज नाही, फक्त छिद्रातून भसाभस वारा येतो. त्यानं ते पाहिलं आणि म्हणाला, "पंक्चर काढून घे आधी." आजारानंतर माझ्या गळ्यावर झालेला तो पहिला विनोद. इतका वाईट विनोद त्यानं आयुष्यात केला नव्हता. मला रडू आलं.

तंबाखू मात्र त्यानं पुन्हा धरली नाही. ती माझ्या नावानं सुटली होती, पण नाव खोटं निघालं तरी सुटलेलीच राहिली.

माझ्यासारख्यांना आणि त्यांच्या घरच्यांना दोनच गोष्टी सांगतो. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घसा दाखवून घ्या. थुंकीत रक्त दिसलं तर तेवढंही थांबू नका. आणि आजारी माणसाशी जसे बोलत होतात तसेच बोला. भांडत असाल तर भांडा. त्याची औषधं सांभाळा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. तिथं फार एकटं वाटतं.

भगवानचा सूड पुढच्या तपासणीच्या दिवशी आला. डॉक्टर म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, आता तीन महिन्यांनी या. आम्ही उठणार तेवढ्यात तो अदबीनं पुढं झाला. "साहेब, पेशंटनं एक गोष्ट लपवल्ती. तुमच्या फायलीत पाहिजे ती." आणि मंगलसमोर, डॉक्टरांसमोर, दसऱ्याच्या रक्ताचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खरंच फायलीत लिहिलं.

मंगल उठून बाहेर गेली. नंतरचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा कफ साफ केला, गळ्याचे रुमाल धुतले, भाकरी मऊ करून दुधात कुस्करून दिली, पण एक शब्द नाही. इतक्या खटपटीनं आवाज मिळवला आणि घरात बोलायला कुणी नव्हतं. तेव्हा मला समजलं की सगळ्या दुखण्यात जिच्यावर खरा अन्याय झाला, तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. मी सूड घेण्यात गुंतलो होतो. ती माझा श्वास मोकळा ठेवत होती.

नवव्या दिवशी ती दारात गहू निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. हात धुतले होते, अंगठा नीट ठेवला आणि म्हणालो, "चुकलो."

माझ्या या आवाजात तो शब्द फार वाईट ऐकू येतो. 'च' फुटत नाही.

तिनं मान वर केली नाही. "ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली.

मी पुन्हा श्वास घेतला, आणि पुन्हा म्हणालो.